छोट्या विमानाचं इंधन हवेत संपतं कसं? हिशेब, काठी आणि सिलेक्टर

तासकाटा

इंजिन ठणठणीत, हवा स्वच्छ, दिवसाचा उजेड, आणि विमान धावपट्टीच्या अलीकडे कुठल्यातरी शेतात पोटावर बसलेलं. टाक्या फुटलेल्या नाहीत, तरी आत थेंब नाही. अशी बातमी आली की पहिली प्रतिक्रिया ठरलेली: "काटा बघितला नाही का?" काटा बहुतेक वेळा बघितलेला असतो. गडबड त्याच्या बऱ्याच आधी, जमिनीवरच सुरू झालेली असते. ती नेमकी कुठे होते हे आकड्यांनिशी मांडावं म्हणून हा धागा.

आधी थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेतल्या अपघातांचा तपास करणाऱ्या एनटीएसबी या सरकारी मंडळाने २०१७ मध्ये इंधनावर एक सुरक्षा-सूचना काढली. वर्षाला सरासरी ५० हून जास्त अपघात निव्वळ इंधन नीट न सांभाळल्यामुळे होतात, असं त्यात आहे. त्यातल्या ५६ टक्क्यांत इंधन खरोखर संपलेलं होतं. ३५ टक्क्यांत ते विमानात शिल्लक होतं, पण इंजिनापर्यंत पोचलं नाही. यंत्रसामग्रीचा वाटा फक्त ५ टक्के. आणि हे नवख्यांचं दुखणं आहे असं कुणाला वाटत असेल तर: या अपघातांतले ४८ टक्के वैमानिक कमर्शियल किंवा त्यावरचा परवाना असलेले होते, विद्यार्थी २ टक्के.

आता एक बेतलेलं उदाहरण. विमान सेसना १७२एस. टाक्यांत एकूण ५६ अमेरिकन गॅलन मावतात, वापरता येतात ५३, म्हणजे २०० लिटर. वजनामुळे टाक्या फुल न करता फिलरच्या, म्हणजे भरण्याच्या तोंडाच्या, आतल्या पट्टीपर्यंत भरल्या: वापरण्याजोगे ३५ गॅलन, १३२ लिटर.

अंतर २५० नॉटिकल मैल. हवेतला वेग १२० नॉट (ताशी नॉटिकल मैल), समोरचा वारा १० नॉट धरला, म्हणजे जमिनीवरचा वेग ११०. वेळ २ तास १६ मिनिटं. खर्च ताशी ३६ लिटर, म्हणून ८२ लिटर. स्टार्ट, टॅक्सी आणि चढाईचे जादा १० लिटर. उतरताना शिल्लक ४० लिटर, म्हणजे तासाच्या वर. कागदावर नाव ठेवायला जागा नाही.

आता प्रत्यक्षात तीन गोष्टी झाल्या. एक, विमान उतारावर उभं असताना भरलं आणि पट्टीला इंधन "लागलंय" हे नजरेनेच ठरवलं. १५ लिटर कमी पडले. दोन, समोरचा वारा १० ऐवजी २५ नॉट निघाला. तीन, मिक्स्चर नीट लीन केलं नाही, म्हणजे इंधन-हवेच्या मिश्रणातलं इंधन कमी केलं नाही, खर्च ताशी ४२ लिटर झाला.

यातली कुठलीही एकच चूक झाली असती तर १३ ते १५ लिटरचा फटका बसला असता आणि विमान सुमारे ४० मिनिटांचं इंधन राखून उतरलं असतं. तिन्ही एकत्र आल्यावर: निघताना ११७ लिटर, वजा १० लिटर, राहिले १०७. प्रवास ९५ नॉटने २ तास ३८ मिनिटांचा, ताशी ४२ प्रमाणे गरज ११०.५ लिटर. साडेतीन लिटर कमी. इंजिन मुक्कामाच्या पाच मिनिटं आधी, सुमारे ८ नॉटिकल मैल अलीकडे थांबतं.

नवे_पंख

हे वाचून पोटात गोळा आला. दोन प्रश्न. वाटेत हे कळण्याचा काही मार्ग होता का? आणि इंधनाचे काटे दिसत असताना वैमानिक पुढे का जात राहतो?

मोजकाठी

काट्यांबद्दल मी लिहितो, पहिला प्रश्न तासकाटा यांच्याकडे.

जुन्या विमानांत टाकीत एक तरंगता फुगा असतो, तो एका दांडीला जोडलेला, दांडी एका विद्युत-रोधावर सरकते आणि पॅनलवर काटा हलतो. पंखातली टाकी पसरट आणि उथळ असते. विमान वळलं, हिंदकळलं, नाक वर गेलं की इंधन एका कडेला धावतं आणि काटा नाचतो. रोधाची पट्टी झिजते, अर्थिंगच्या जोडाला गंज चढतो, फुगा कधी अडकून बसतो. चढाईत एक आकडा, सरळ उड्डाणात दुसरा, हे रोजचंच.

यावरून एक समज पसरलाय: "कायद्याने काटा फक्त शून्यावर बरोबर असला तरी पुरे." हे चुकीचं आहे. अमेरिकी नियमात आहे ते असं, की सरळ-समतल उड्डाणात टाकीत फक्त न वापरता येणारं इंधन उरलं की काट्याने शून्य दाखवायला हवं. शून्य कुठे धरायचं, एवढंच ते वाक्य ठरवतं. बाकी पट्टीवर काट्याने काहीही दाखवावं अशी मुभा त्यात कुठेही नाही. प्रत्येक टाकीतलं इंधन दाखवणारा काटा चालू असणं ही उड्डाणाची अट वेगळी आहेच.

या समजुतीचा खरा धोका असा: काटा कमी दाखवतो तेव्हा "तो असाच दाखवतो" म्हणून सोडून दिला जातो. बरोबर वापर याच्या उलट. हिशेब एक सांगतो, काटा दुसरं सांगतो, तर दोन्हींतला कमी आकडा खरा मानायचा आणि जवळच्या विमानतळावर उतरून टाकीत मापाची काठी घालायची. काटा अपेक्षेपेक्षा भरभर उतरत असेल तर टोपणातून इंधन बाहेर खेचलं जात असण्याची शक्यता असते, आणि ते सांगणारं दुसरं साधन विमानात नसतं.

फ्युएल टोटलायझर असेल तर एक लक्षात ठेवा: तो टाकीत डोकावत नाही. इंजिनाकडे जाणारा प्रवाह मोजतो आणि तुम्ही सुरुवातीला भरलेल्या आकड्यातून वजा करत जातो. पट्टीपर्यंत भरून "फुल" बटण दाबलं की स्क्रीनवर ६८ लिटर जास्त दिसतात, तेही दशांशासकट. गळतीही त्याला कळत नाही.

तासकाटा

वाटेत कळण्याचा मार्ग होता. वरच्या उदाहरणात अर्धं अंतर, १२५ मैल, १ तास ८ मिनिटांत कापायला हवं होतं. लागला १ तास १९. अकरा मिनिटांचा उशीर हे घड्याळ आणि नकाशावरून कुठल्याही उपकरणाशिवाय दिसतं.

पण इथे बारकाईने बघा. वैमानिकाने हा उशीर धरून प्रामाणिकपणे पुन्हा हिशेब केला, तर त्याला काय दिसतं? १३२ वजा १० वजा ४७, शिल्लक ७५. पुढच्या टप्प्याला ४७ लागणार, उतरताना २८ लिटर, म्हणजे ४५ मिनिटांच्या वर. दिवसा डोळ्यांनी बघून केलेल्या उड्डाणाला ३० मिनिटांचा राखीव साठा लागतो, रात्री ४५. म्हणजे नियमात बसतंय, चला पुढे.

टाकीत त्या क्षणी खरे किती आहेत? ११७ वजा १० वजा ५५, म्हणजे ५२. पुढे लागणार ५५. अर्ध्या वाटेवरच इंधन अपुरं आहे, फक्त ते कुणाला माहीत नाही.

म्हणून ३० मिनिटं हा किमान नियम आहे, बेत नव्हे, असं मी ठामपणे म्हणेन. भरतानाची चूक आणि मिक्स्चरची चूक घड्याळात दिसत नाही. ती झाकायला राखीव साठ्यातच जागा हवी. दिवसा पूर्ण एक तास धरा. उदाहरणातल्या वैमानिकाने "तासाच्या खाली गेलो की वाटेत उतरायचं" एवढं आधी कागदावर लिहिलं असतं, तर तो ४७ मिनिटांचा आकडा बघून उतरला असता आणि काठीने बाकीचं सांगितलं असतं.

लीन करण्याबद्दल: पुस्तिकेतले खर्चाचे तक्ते पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे मिक्स्चर लीन केलं आहे असं धरूनच बनवलेले असतात. मिक्स्चरची लाल मूठ पुढे ढकललेली ठेवून तक्त्यातला आकडा वापरला तर हिशेब पहिल्या ओळीतच खोटा ठरतो.

किनारपट्टी

एवढी आकडेमोड हवीच कशाला? टाक्या फुल करा आणि निघा. इंधन जास्त झालं म्हणून कुणी शेतात उतरल्याचं ऐकलं नाही.

लोविंग_२८

किनारपट्टी, टाक्या फुल करता आल्या तर जरूर करा. पण छोट्या विमानात बऱ्याचदा करता येत नाहीत, आणि या अपघातांचं मूळ बरेचदा तिथेच असतं.

१७२एस चं उड्डाणाचं कमाल वजन ११५७ किलो. रिकामं विमान ७६० किलो धरलं तर उरले ३९७. चार माणसं ८० किलोची, सामान २० किलो: ३४० गेले. इंधनाला राहिले ५७ किलो. एव्हगॅसचा, म्हणजे या विमानांच्या पेट्रोलचा, लिटर ०.७२ किलो, म्हणजे ७९ लिटर. त्यातून स्टार्ट-चढाईचे १० आणि तासाच्या राखीवचे ३६ काढले की प्रवासाला ३३ लिटर, तासही पुरत नाही. शंभर मैलांच्या आत उतरून पुन्हा भरायचं, नाहीतर एक माणूस किंवा सामान कमी करायचं. चार खुर्च्या आणि मोठ्या टाक्या दोन्ही एकाच वेळी वापरता येतील असं विमान बघून वाटतं, तसं नसतं. आणि वजन ओलांडून टाक्या फुल केल्या तर चढाई मंदावते, स्टॉलचा, म्हणजे ज्याखाली पंख विमान तोलून धरत नाहीत तो, वेग वाढतो. तो वेगळ्या अपघाताचा रस्ता.

किनारपट्टी

मान्य. चार जणांचं गणित मी कधी शेवटपर्यंत नेलंच नव्हतं. शंभर मैल हा आकडा डोळे उघडणारा आहे.

निळा_लिटर

भरण्याच्या टप्प्यावर काय काय चुकतं ते लिहितो, कारण पंधरा लिटर कुठे गेले हा प्रश्न सगळ्यात कमी विचारला जातो.

उतार: एक पंख खाली असेल तर फिलरच्या तोंडाशी दिसणारी पातळी खोटी असते. शिवाय सेसनात सिलेक्टर (कुठल्या टाकीतून इंधन घ्यायचं ते ठरवणारी मूठ) "बोथ" वर, म्हणजे दोन्ही टाक्यांवर, ठेवून उभं केलं तर वरच्या टाकीतून खालच्या टाकीत इंधन सरकतं, कधी व्हेंटमधून, म्हणजे टाकीत हवा घेणाऱ्या नळीतून, बाहेर सांडतं. उभं करताना सिलेक्टर डावीकडे किंवा उजवीकडे करून ठेवावा, आणि स्टार्टपूर्वी आठवणीने "बोथ" वर आणावा.

फुल म्हणजे फुल का: नळी काढल्यावर फेस आणि हवा खाली बसते आणि पातळी उतरते. थोडं थांबून पुन्हा वर आणावं लागतं. जुन्या विमानांतल्या रबरी पिशवीच्या टाकीला सुरकुती पडली किंवा वरचे हूक सुटले तर पिशवी खाली लोंबते आणि तिच्यात छापील आकड्याइतकं मावतच नाही. त्या सुरकुतीत पाणीही अडकून राहतं, ड्रेनमध्ये येत नाही.

टोपण: पंखाच्या वरच्या बाजूला हवेचा दाब कमी असतो. टोपणाचं सील कडक झालं किंवा टोपण अर्धवट बसलं की उड्डाणात इंधन वर खेचलं जाऊन मागे उडत राहतं. फिलरच्या मागे पंखावर निळसर डाग दिसला तर सील बदला. उंच पंखाच्या विमानात हा डाग खालून दिसत नाही, शिडीवर चढूनच दिसतो.

व्हेंट: १७२ मध्ये डाव्या पंखाखाली स्ट्रटच्या मागे छोटी नळी असते. किड्याने माती भरली की टाकीत हवा शिरत नाही आणि प्रवाह मंदावतो. टाकी भरलेली, इंजिन उपाशी.

एकक: अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटर, इंपीरियल गॅलन ४.५४६ लिटर. पुस्तिका एकात, पंप लिटरमध्ये, वजनाचा तक्ता पौंडात. २३ जुलै १९८३ ला एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ मध्ये हेच झालं. ते मोठं विमान, पण चूक छोट्या विमानात होते तीच. काट्यांची यंत्रणा बंद होती म्हणून काठी घातली, टाक्यांत ७६८२ लिटर निघाले. हवे होते २२,३०० किलो. लिटरचे किलो करायला ०.८ ने गुणायचं तिथे १.७७ ने गुणलं. तो पौंडांचा गुणक. उत्तर आलं ४९१७ लिटर भरा. खरी गरज सुमारे २०,००० लिटरची होती. ४१,००० फुटांवर इंधनदाबाचे इशारे आले, मग खाली येताना इंजिनं बंद पडली आणि विमान घरंगळत कॅनडातल्या गिमलीच्या जुन्या धावपट्टीवर उतरवलं गेलं. काठी बरोबर बोलली होती, गुणाकार चुकला. म्हणून पावतीवरचे लिटर आणि भरण्याआधीच्या काठीचा आकडा यांची बेरीज भरल्यानंतरच्या काठीशी जुळते का, हे दर वेळी बघायचं. दोन मिनिटांचं काम आहे.

लोविंग_२८

आता उरलेले ३५ टक्के: इंधन आहे, पण पोचत नाही.

पायपर पीए-२८ वॉरियरमध्ये दोन टाक्या, प्रत्येकी २५ गॅलन, वापरण्याजोगे २४. सिलेक्टरवर डावी, उजवी आणि बंद, एवढंच. "बोथ" नाही, आणि त्याला कारण आहे. टाक्या इंजिनाच्या खाली असल्याने पंप इंधन वर ओढतो. दोन्ही टाक्या एकदम जोडल्या आणि एक आधी रिकामी झाली, तर पंप तिच्यातून हवा ओढत बसेल. उंच पंखाच्या सेसनात इंधन स्वतःच्या वजनाने खाली येतं, म्हणून तिथे "बोथ" चालतं.

यामुळे टाकी बदलणं हे वैमानिकाचं काम होतं, आणि विसरणं शक्य होतं. पद्धत अशी ठेवावी. उड्डाण जास्त भरलेल्या टाकीवर. मग दर अर्ध्या तासाला बदल, आणि प्रत्येक बदलाची वेळ गुडघ्यावरच्या कागदावर. अर्ध्या तासात साधारण १८ लिटर, १३ किलो एका बाजूने कमी होतात, तेवढा कल हाताला जाणवतो पण त्रास देत नाही. बदलताना आधी विद्युत पंप चालू, सिलेक्टर फिरवून खटका बसल्याची खात्री, प्रेशरचा काटा बघायचा, एक-दोन मिनिटं थांबायचं, पंप बंद, पुन्हा प्रेशर बघायचं. उड्डाणाच्या किंवा उतरण्याच्या ऐन आधी टाकी बदलायची नाही. बदल फसला तर तो हजारो फुटांवर, विमानतळ आवाक्यात असताना कळायला हवा.

सिलेक्टर कुठे बसवलाय यालाही किती महत्त्व आहे ते जॉन डेन्व्हर या गायकाच्या अपघातात दिसलं. १२ ऑक्टोबर १९९७, कॅलिफोर्नियात पॅसिफिक ग्रोव्हजवळ, घरगुती बांधणीचं लाँग-ईझी. मूळ आराखड्यात सिलेक्टरची मूठ वैमानिकाच्या पायांमध्ये होती. बांधणाऱ्याने ती डाव्या खांद्यामागच्या भिंतीवर नेली. मुठीवर खुणा नव्हत्या, टाक्यांच्या काचेवर मापाच्या रेषा नव्हत्या, आणि त्या काचा मागे असल्यामुळे आरशात बघायच्या होत्या. उजवा हात मागे नेण्यासाठी अंग वळवलं की उजवा पाय रडरवर दाबला जातो. निघण्यापूर्वी मूठ हाताला येत नाही यावर बोलणंही झालं होतं आणि इंधन भरायला नकार दिला गेला होता. एनटीएसबीचा निष्कर्ष: टाकी बदलण्याच्या खटपटीत लक्ष विचलित होऊन विमानावरचा ताबा सुटला. इंजिन बंद पडल्याने विमान कोसळत नाही. ताबा गेल्याने कोसळतं.

हेलिकॉप्टरमधलं उदाहरणही याच जातीचं. २९ नोव्हेंबर २०१३, ग्लासगो, पोलिसांचं ईसी१३५. मुख्य टाकीत ७६ किलो इंधन होतं, पण ते इंजिनांच्या पुरवठा-टाक्यांत नेणारे ट्रान्सफर पंप बंद स्थितीत सापडले. दोन्ही इंजिनं उपाशी थांबली आणि हेलिकॉप्टर एका पबच्या छपरावर कोसळलं. दहा माणसं गेली.

नवे_पंख

एक टाकी मुद्दाम पूर्ण रिकामी करून मग दुसरीवर जायचं, म्हणजे उरलेलं सगळं एकाच ठिकाणी आणि नक्की माहीत, असं काही जण सांगतात. बरोबर आहे का?

लोविंग_२८

तर्क समजतो: दोन टाक्यांत पाच-पाच लिटर असण्यापेक्षा एकात दहा बरे. पण पाच-पाच लिटरांवर आलात म्हणजे निर्णय तासभर उशिरा घेताय. इंजिन थांबेपर्यंत टाकी ओढली तर लाइनमध्ये हवा भरते. वॉरियरच्या पुस्तिकेत स्पष्ट आहे की टाकी बदलल्यानंतर रिकाम्या नळ्या भरून शक्ती परत यायला दहा सेकंदांपर्यंत लागू शकतात. ते दहा सेकंद माहीत नसलेला माणूस पाचव्या सेकंदाला सिलेक्टर पुन्हा फिरवतो. हे करू नका.

सेसनावाल्यांसाठी एक जोड: १७२एस मध्ये एक टाकी कोरडी असेल तर तिरकं घसरत उतरण्याची, म्हणजे स्लिपची, मर्यादा ३० सेकंद आहे. आणि पाव टाकी किंवा कमी असताना सिलेक्टर एका बाजूवर ठेवून बराच वेळ असंतुलित उड्डाण करायला मनाई आहे. इंधन टाकीच्या तोंडापासून दूर जातं आणि नळी हवा पिते.

श्रवणकक्ष

रेडिओवर काय बोलायचं तेही इथे यावं, कारण "इंधन जरा कमी आहे" हे वाक्य नियंत्रकाला काहीच सांगत नाही.

"मिनिमम फ्युएल" म्हणजे: मी ठराविक विमानतळावर उतरायचं पक्कं केलंय, आता मार्गात किंवा क्रमात कुठलाही बदल झाला तर राखीव साठ्याला हात लागू शकतो. याने अग्रक्रम मिळत नाही, ही फक्त सूचना आहे.

"मेडे, मेडे, मेडे, फ्युएल" म्हणजे: सुरक्षित उतरता येईल अशा सगळ्यात जवळच्या ठिकाणीही माझा अंतिम राखीव साठा शाबूत राहणार नाही. ही आणीबाणी, इथे वाट मोकळी करून मिळते.

२५ जानेवारी १९९० ला आव्हियान्काचं ५२ क्रमांकाचं उड्डाण न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर कोसळलं, ७३ माणसं गेली. वैमानिकांनी इंधन संपत असल्याचं सांगितलं होतं, पण "आणीबाणी" हा शब्द उच्चारला नाही, आणि विमान रांगेतलं एक विमान बनून राहिलं. छोट्या विमानाच्या वैमानिकाला हा शब्द उच्चारताना जास्तच संकोच वाटतो. नंतर विचारणा होईल, अहवाल लिहावा लागेल, ही भीती असते. अहवाल लिहून होतो.

तासकाटा

श्रवणकक्ष, धन्यवाद, हा मुद्दा माझ्या मूळ मांडणीत राहून गेला होता.

इंजिन थांबण्याच्या खुणा आणि नंतरची कृती. इंधन संपताना इंजिन क्वचितच बटण दाबल्यासारखं बंद होतं. फ्युएल फ्लोचा काटा थरथरतो, आवाज एक क्षण भरतो आणि पुन्हा ओसरतो, आरपीएम वर-खाली होतात. नळीत हवा-इंधन-हवा असे घुटके येत असतात. वळणात किंवा नाक खाली केल्यावर टाकीच्या तळातलं थोडं तोंडाशी येतं आणि इंजिन काही सेकंद जोरात चालतं. त्या उसन्या सेकंदांवर बेत बदलू नये. निवडलेलं शेत सोडून "आता पोचतोय" म्हणत धावपट्टीकडे ताणल्यावरच विमान झाडांत, तारांत जातं.

१७२एस मध्ये क्रम असा: वेग ६८ नॉट. फ्युएल शटऑफ पूर्ण आत. सिलेक्टर "बोथ". ऑक्झिलरी पंप चालू. मिक्स्चर रिच. इग्निशन "बोथ", पंखा (प्रोपेलर) थांबला असेल तर "स्टार्ट". कार्ब्युरेटरच्या विमानात कार्ब हीट, म्हणजे कार्ब्युरेटरला गरम हवा देणं, यात येते, कारण कार्ब्युरेटरमधल्या बर्फाची लक्षणं सुरुवातीला बरीच सारखी असतात.

१००० फुटांना साधारण दीड नॉटिकल मैल घरंगळता येतं, वारा नसताना. ३००० फुटांवरून साडेचार मैल आणि चार मिनिटं. इंजिन चालू करण्याच्या खटपटीचे ३० सेकंद म्हणजे जवळजवळ ४०० फूट. म्हणून आधी वेग, मग जागा, मग मुठी.

उतरायचं ठरलं की: फ्लॅप वर असताना ७० नॉट, खाली असताना ६५. मिक्स्चर पूर्ण मागे, शटऑफ बाहेर ओढायचा, इग्निशन बंद. फ्लॅप शक्यतो ३० अंश, ते विजेवर चालतात म्हणून मास्टर स्विच त्यानंतर बंद. टेकण्यापूर्वी दारं उघडून कडी सैल ठेवायची, चौकट वाकली तर दार अडकतं. शेपूट किंचित खाली ठेवून टेकायचं. टाक्या "रिकाम्या" असल्या तरी आत वाफ असते, तेव्हा हे टप्पे गाळू नयेत.

मोजकाठी

इंधन संपल्यामुळेच झालं हे तपासणाऱ्यांना कसं कळतं, हे कुणी विचारलं नाही तरी लिहितो. पंख शाबूत पण टाक्या कोरड्या. आसपास वास नाही, आग नाही, पानं-गवत इंधनाने करपलेलं नाही. पंख्याचं एक पातं मागे वाकलेलं, दुसरं जवळजवळ सरळ. शक्तीवर फिरणारा पंखा जमिनीला लागला तर पाती पुढे-मागे पिळतात आणि रुंदीच्या दिशेने चरे पडतात. गॅस्कोलेटर (इंधनाची गाळणी) आणि कार्ब्युरेटरच्या वाटीत चमचाभर इंधन. मग इंजिनाला बाहेरून छोटी टाकी जोडतात, आणि ते सुरळीत चालतं.

नवे_पंख

शेवटचा प्रश्न. आमच्या प्रकारच्या विमानासाठी काठी नसेल तर दुसऱ्या विमानाची वापरता येते का?

मोजकाठी

नाही. टाकीची खोली आणि फिलरची जागा बदलली की आकडे बदलतात. काठी बनवायची रीत सोपी आहे, पण विमान-देखभालीच्या परवानाधारकाबरोबर करा.

विमान समतल जागेवर, टायर आणि नोज-ऑलिओत (पुढच्या चाकाच्या धक्काशोषकात) योग्य दाब. टाकी ड्रेनमधून रिकामी करून फक्त न वापरता येणारं इंधन ठेवायचं. मग मीटर असलेल्या पंपाने २० लिटर भरा, पृष्ठभाग शांत होऊ द्या, रंग न लावलेली लाकडी पट्टी फिलरमधून सरळ तळाला टेकेपर्यंत घाला, बाहेर काढून लगेच ओल्या रेषेवर सुरीने खाच पाडा. एव्हगॅस बघता बघता उडतं, गरम दिवशी रेषा काही सेकंदांत पुसट होते. वाचायला उशीर झाला की आकडा कमी येतो. पुन्हा २० लिटर, पुन्हा खाच, टाकी फुल होईपर्यंत. मग दुसऱ्या टाकीची वेगळी काठी.

पंख बाहेरच्या बाजूला उचललेले आणि फिलर टोकाकडे, त्यामुळे पहिल्या एक-दोन वेळी काठी कोरडीच येईल, इंधन मुळाशी साचलेलं असेल. तिथे खाच पाडायचा मोह नको; काठी कोरडी आली की त्या टाकीत शून्य, असंच वहीत लिहायचं. काठीवर विमानाचा नोंदणी क्रमांक, डावी की उजवी, लिटर की गॅलन, आणि आकडे वापरण्याजोग्या इंधनाचे आहेत हे कोरून ठेवा. पेनाची शाई पहिल्याच बुडीत धुऊन जाते.